पुसलं त्याने परत लिहायचं

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. उद्या सकाळी अकराला सुतार काच घेऊन येणारे, आणि एकदा कुलूप लागलं की आख्खी चाळ म्हणणार, "चला, मिटलं एकदाचं." काहीही मिटलेलं नाहीये. मी मोबाईलवर टाइप करतेय, स्क्रीनवर खडूची पांढरी बोटं उठलीयेत, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. पण वाचा. प्लीज.

आमच्या चाळीच्या दारात, जिन्याच्या डाव्या हाताला, एक फळा आहे. लालबाग-काळाचौकीकडच्या बऱ्याच चाळींत असतो तसाच, काळा, चारी बाजूंनी लाकडी पट्टी, वर कुणीतरी कधीतरी ऑइल पेंटने काढलेलं कमळ. दुसऱ्या चाळींत फळ्यावर सुविचार लिहितात आणि कोण वारलं ते लिहितात. आमच्याकडे काहीही लिहितात. म्हणजे खरंच काहीही. "उद्या पाणी अर्धा तास उशिरा." "खोली बावीसची पायपुसणी ज्याने नेली त्याने निदान धुऊन परत द्यावी." "तिसऱ्या माळ्यावरच्यांनी गॅलरीतून केस खाली टाकू नयेत, आम्ही जेवत असतो."

नियम फक्त तीन. एक, खाली खोली नंबर टाकायचा, निनावी चालणार नाही. दोन, पुसायचं फक्त शनिवारी संध्याकाळी, ज्या खोलीची पाळी असेल तिने. मध्ये कुणीही पुसायचं नाही. नाही पटलं तर खाली आपलं लिहा. आणि तीन, कुणी मध्येच पुसलंच, तर पुसलं त्याने परत लिहायचं. स्वतःच्या हाताने, होतं तसं.

म्हणतात की गिरण्यांच्या संपाच्या दिवसांत हे सुरू झालं. अर्धी चाळ संपाच्या बाजूने, अर्धी कंटाळलेली, रोज कोणीतरी कोणाचं तरी पुसायचं आणि रोज मारामारी. मग तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी बसून हे तीन नियम केले. खरं-खोटं देव जाणे. मला लहानपणापासून एवढंच माहीत की भिंतीवर लिहिलं तर आईचा धपाटा मिळतो आणि फळ्यावर लिहिलं तर मिळत नाही.

आता मागच्या वर्षीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गणपतीच्या आधी आमच्या मंडळाची कार्यकारिणी जाहीर झाली. चौदा नावं, चौदा पुरुष. अकरा दिवस मोदक वळणार आम्ही, आरतीची ताटं लावणार आम्ही, रांगोळीने कंबर मोडणार आमची, आणि मीटिंगला? चहा घेऊन जायला आम्ही. माझी सटकली. मी ऑफिसला जाता जाता फळ्यावर लिहिलं:

"मोदक वळायला चाळीस बायका, ठरवायला चौदा पुरुष. गणपतीला आई होती हे लक्षात आहे ना? – खोली ११"

संध्याकाळी परळहून चालत घरी आले तर दारात ही गर्दी. "देवाला मध्ये आणलं!" "भावना दुखावल्या!" "आजकालच्या पोरींना काय झालंय?" आमचे सेक्रेटरी, म्हणजे चाळ कमिटीचे, कमरेला चावीचा जुडगा लावून फिरणारे, हातात ओलं फडकं घेऊन तयारच होते. खोटं कशाला सांगू, मी वळून परत परळला जायच्या बेतात होते.

आणि फळ्यासमोर कोण बसलेलं? खोली सतराचे काका. घडीची खुर्ची खाली आणून, पायावर पाय टाकून, पेपर वाचत.

काका म्हणजे आमच्याकडचं एक प्रकरण आहे. गिरणीच्या टाइम ऑफिसात होते, गिरणी बंद पडल्यावर दादरला एका दुकानात हिशोब लिहायचे, आता रिटायर. दूध आणायला जातानाही इस्त्रीचा शर्ट. चाळीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी फुकट गणित शिकवलंय आणि सगळ्यांच्या पाठीत गुद्दे घातलेत.

सेक्रेटरी म्हणाले, "काका, उठा जरा, पुसायचंय."

"शनिवारी," काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"अहो पण काय लिहिलंय वाचलंत का?"

"दोनदा वाचलं. मूर्खपणा आहे. पण शनिवारपर्यंत राहील."

मग उठले, खडू घेतला, आणि माझ्या खाली त्यांच्या त्या छापील अक्षरात लिहिलं: "होती. तिने कार्यकारिणीत जागा मागितल्याचं ऐकिवात नाही. – खोली १७" आणि परत बसले. तीन संध्याकाळ बसले ते तिथे. माझं वाक्य शनिवारपर्यंत राहिलं. त्याखाली एकोणीस खोल्यांनी लिहिलं, जागा संपली तेव्हा लोकांनी लाकडी पट्टीवर लिहिलं. या वर्षी कार्यकारिणीत तीन बायका आहेत. एक माझी आई.

मी काकांना थँक्यू म्हणायला गेले तर म्हणाले, "तुझ्यासाठी नाही बसलो. उद्या मला काही लिहायचं झालं तर?"

तेव्हा मला हे जाम कूल वाटलं होतं. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं मी. स्टेटस टाकलं. मी पण अशीच, मला पण न पटणाऱ्याचं बोलणं राखायचं, वगैरे वगैरे. फार सोपं असतं हो, स्टेटस टाकणं.

आता या वर्षीचं.

माझी मैत्रीण, खोली नऊ. बालवाडीपासूनची. आमच्या दोघींच्या घरांमध्ये दोन दरवाजे आणि एक नळ, एवढंच अंतर. त्यांच्या घरी भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो, आमच्या घरी साईबाबा आणि कोकणातल्या देवीचा फोटो, आणि दोन्हीकडे जेवायला मी. चार वर्षं ती सरकारी परीक्षांचा अभ्यास करत होती. अभ्यासिकेत सकाळी सातला जाऊन बसायची, एकदा गेली ती थेट दुपारी डबा खायलाच उठायची. दोनदा थोडक्यात हुकलं. गेल्या आठवड्यात लिस्ट लागली आणि बाई लागल्या! आम्ही गॅलरीत किंचाळलो ते समोरच्या चाळीतले लोक बाहेर आले, त्यांना वाटलं आग लागली. तिच्या वडिलांनी सगळ्या चाळीत पेढे वाटले. वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या खोलीतसुद्धा दिले.

हे बुधवारचं. गुरुवारी सकाळी साडेआठला मी ऑफिसला निघाले, आणि फळ्यावर तेवढंच एक, छापील अक्षरात:

"खोली ९ चे पेढे मिळाले. आभार. पेढ्याबरोबर टक्केही सांगितले असते तर गोडी अजून वाढली असती. – खोली १७"

मी दोनदा वाचलं. टक्के. म्हणजे काय ते चाळीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. म्हणजे तुला मिळाली ती जातीवर मिळाली. आणि हे कोणी लिहिलं? ज्यांनी तिला स्वतः दहावीचं गणित शिकवलं, ज्यांना तिचे टक्के तिच्या बापापेक्षा जास्त पाठ होते, त्या माणसाने.

मी विचार केलाच नाही. ओढणीचं टोक धरलं आणि खसाखसा पुसून टाकलं. पाणी नव्हतं म्हणून पांढरा ढग राहिला फळ्यावर, तोही तळहाताने पुसला. इकडे-तिकडे पाहिलं. कोणी नाही. गेले निघून, बसस्टॉपवर उभी राहिले, आणि सांगू? भारी वाटत होतं मला. मी माझ्या मैत्रिणीला वाचवलं! तिने ते बघायच्या आधी मी ते जगातून काढून टाकलं!

ऑफिसात पोचते तोवर तिचा मेसेज. "यार, फळा कोणीतरी पुसला. सगळे म्हणतायत मी पुसला."

झालं असं होतं की तिने ते साडेसातलाच वाचलं होतं, दूध आणायला खाली आली तेव्हा. वाचून वर गेली. रडली नाही, ओरडली नाही. वहीचं मागचं पान काढलं आणि उत्तर लिहायला बसली. चार वेळा लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. पाचव्यांदा तिला हवं तसं झालं तेव्हा खडू घेऊन खाली आली, नऊ वाजता, आणि समोर कोरा फळा. ती तिथे हातात खडू घेऊन उभी असतानाच काका पेपर घ्यायला आले. मागून सेक्रेटरी. आता सांगा, कोरा फळा, समोर खोली नऊची मुलगी, हातात खडू. कोणाला काय वाटणार?

आणि मी तिच्या मेसेजला काय उत्तर दिलं माहितीये?

"बापरे, कोण असेल गं?"



का लिहिलं तसं? कारण तिसरा नियम. मी पुसलं म्हटलं असतं तर मला परत लिहावं लागलं असतं. माझ्या हाताने. ते वाक्य. तिच्याबद्दल. मला ते शक्यच वाटेना. म्हटलं, दोन दिवस जातील, शनिवार येईल, मिटेल. मलाही तेव्हा मिटायलाच हवं होतं, बघा.

मिटतंय कुठलं. चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धूर. आणि इथे माझं डोकं जे फिरलं ना! मागच्या वर्षी "पुसा, पुसा, भावना दुखावल्या" करत जी मंडळी फडकं घेऊन उभी होती, तीच आता लिहितायत, "माणसाला मत मांडायचा हक्क नाही का? खरं बोललं की झोंबतं!" आणि मागच्या वर्षी माझ्या बाजूने "मुलीला बोलू द्या" म्हणणाऱ्या आमच्या मुलींचा ग्रुप? "बरं झालं पुसलं." "असल्या लोकांना फळाच देऊ नका." एकीने तर लिहिलं, "आपलं लिहिणं वेगळं होतं, ते चांगल्यासाठी होतं." अरे, असं कसं? मागच्या वर्षी काकांनाही माझं चांगलं वाटलं नव्हतं! मूर्खपणा वाटला होता! तरी बसले ना खुर्ची टाकून?

मी हे सगळं टाइप केलं ग्रुपवर. मोठ्ठा मेसेज. आणि पाठवायच्या आधी लक्षात आलं की हे लिहिणारी मी कोण? मीच तर पुसलंय. डिलीट केला.

शुक्रवारी संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी मागे उभी. तिने वळूनही बघितलं नाही.

"तूच पुसलंस मां?"

"काय?"

"फळो. तुझ्या ओढणेक खडू लागलेलो दिसलो माका. मी धुतलंय ती." तव्यावर भाकरी टाकली. "माका ठावक होता. पण तिका खोटा कित्याक सांगलंस?"

मी म्हटलं, "आई, मी तिच्यासाठीच पुसलं ना."

"तिना सांगललान तुका पुसूक?"

भाकरी फुगली.

रविवारी सकाळी दहाला सेक्रेटरींनी मीटिंग लावली, दारातच, फळ्यासमोर. साठ-सत्तर लोक. जिन्याच्या पायऱ्यांवर पोरं. काका त्यांच्या घडीच्या खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट. मैत्रीण भिंतीला टेकून, हाताची घडी, शेजारी तिचे वडील. मी आईच्या मागे. चोरासारखी.

सेक्रेटरी म्हणाले, "हे बघा, मला कोणाची बाजू घ्यायची नाहीये. पण चाळीचं वातावरण बिघडतंय. माझं म्हणणं, फळ्याला काच बसवूया, कुलूप लावूया. चावी माझ्याकडे. ज्याला लिहायचंय त्याने कागदावर लिहून मला दाखवायचं, योग्य असेल तर मी आत लावीन."

"आणि योग्य कोण ठरवणार?" माझ्या मैत्रिणीने विचारलं.

"अगं, म्हणजे, कमिटी."

"म्हणजे तुम्ही."

हशा पिकला. सेक्रेटरी चिडले. "तू बोलूच नकोस. तू पुसलं नसतंस तर ही वेळच आली नसती."

"मी पुसलं नाही. चौथ्यांदा सांगतेय."

"हातात खडू होता तुझ्या!"

"खडूने पुसतात का?" ती म्हणाली. परत हशा. पण तिचा आवाज कापला होता जरासा, मला कळला. दुसऱ्या कोणाला कळला नसेल.

तेव्हा काका उठले. म्हणाले, "काच-बिच राहू द्या. मला एकच सांगायचंय. मी लिहिलं ते कोणाला आवडलं नाही, ठीक. खाली लिहायचं होतं. मी वाचलं असतं. पण पुसलं. नियम काय आहे?" "पुसलं त्याने परत लिहायचं." आणि खिशातून खडू काढला, चालत तिच्यासमोर गेले आणि हात पुढे केला. "घे. लिही."

त्या मुलीने स्वतःच्या हाताने, आख्ख्या चाळीसमोर, स्वतःच्याच विरुद्ध ते वाक्य लिहायचं. तिच्या वडिलांचा चेहरा मी बघू शकले नाही. काकांचा हात हलत नव्हता. तिने खडूकडे बघितलं, मग काकांकडे.

"काका, मी खरंच पुसलेलं नाहीये. पण तुम्हाला माझ्यावर विश्वास नसेल तर..."

आणि तिने हात उचलला. ती घेणार होती खडू! तो आळ आणि ते वाक्य, दोन्ही.

"मी पुसलं," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक आला की परत म्हणावं लागलं. "मी पुसलं. गुरुवारी साडेआठला. ओढणीने."

सगळे वळले. तिने माझ्याकडे बघितलं ते बघणं मी आयुष्यात विसरणार नाही. राग असता तर चाललं असतं मला. ती नुसती हिशोब लावत होती. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवस. "कोण असेल गं."

काकांनी खडू माझ्याकडे वळवला.

मी लिहिलं. मला वाटलेलं आठवणार नाही, पण एकूण एक शब्द पाठ होता. "खोली ९ चे पेढे मिळाले. आभार." मग पुढचं. "पेढ्याबरोबर टक्केही सांगितले असते तर गोडी वाढली असती."

"अजून," मागून काका म्हणाले.

"काय?"

"'गोडी अजून वाढली असती.' 'अजून' राहिलं."

मला तो खडू त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला! देवाशपथ! मी "गोडी"च्या वर खूण करून "अजून" घातलं. खाली खोली १७ लिहिलं. माझ्या अक्षरात त्यांचं वाक्य. यापेक्षा घाणेरडं मला कधी वाटलं नाही.

मग माझी मैत्रीण आली पुढे, खडू माझ्या हातातून घेतला, माझ्याकडे न बघता. पंजाबी ड्रेसच्या खिशातून वहीचं ते चुरगळलेलं पान काढलं. चार दिवस खिशात घेऊन फिरत होती. आणि बघून बघून लिहिलं:

"टक्के तुम्हाला माहीत आहेत काका, गणित तुम्हीच शिकवलंत. तुम्ही गिरणीत वडिलांच्या जागी लागलात तेव्हा तुमचे टक्के कुणी विचारले होते? पेढे मात्र वाटले असतील. – खोली ९"

पायऱ्यांवरची पोरं ओरडली, "ओ हो हो!" कोणीतरी शिट्टी मारली. काका पुढे झाले, चष्मा वर केला, वाचलं. मग खुर्ची मिटली आणि वर गेले.

मला वाटलं, झालं, हेच तर पाहिजे होतं! फळ्यावर दोन्ही आहे, ज्याला वाचायचं त्याने वाचा. हेच उत्तर गुरुवारी नऊला लागलं असतं, मी मध्ये कडमडले नसते तर.

मी जिन्यात तिला गाठलं. "सॉरी यार. मी तुझ्यासाठी..."

"हे नको बोलूस."

"अगं पण मला वाटलं तुला त्रास होईल."

"झालाच होता. साडेसातला. मग मी दीड तास बसून उत्तर लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाला तरी बरोब्बर उत्तर सापडलं होतं, आणि खाली येते तर लिहायला जागाच नाही. कशाखाली लिहू? कोऱ्या फळ्याखाली? त्यांनी मला शिवी दिली, तू माझं तोंड बंद केलंस. वर आळ पण माझ्यावर." दोन पायऱ्या चढली, थांबली. "आणि मेसेजमध्ये 'बापरे' लिहिलंस. बापरे!"

खाली मीटिंग चालूच होती. मतदान. काच पाहिजे की नको? मी धावत खाली गेले. म्हटलं आता कोण हो म्हणणार, डोळ्यांसमोर बघितलंय सगळ्यांनी.

हात वर झाले. काकांच्या बाजूने बोलणारे, वर. आमच्या मुलींचा आख्खा ग्रुप, वर. चार दिवस एकमेकांना शिव्या घालणारे लोक एकाच गोष्टीवर एकमताने, काय तर कुलूप! प्रत्येकाला वाटतंय कुलूप दुसऱ्याच्या तोंडाला लागणारे. विरुद्ध किती? मी, आई, मैत्रिणीचे वडील, आणि वरच्या गॅलरीतून एक हात, इस्त्रीच्या बाहीतला. सेक्रेटरी म्हणाले, वरचा धरता येणार नाही, मीटिंग खाली आहे.

सोमवारी सकाळी फळ्यावर नवीन ओळ होती. छापील अक्षर, पण थोडं वाकडं.

"वडील गिरणीत मशीनवर काम करताना वारले म्हणून त्यांच्या जागी लागलो. तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. पेढे वाटले नव्हते. – खोली १७"

मी तिथेच उभी राहिले, दोन बसेस सुटल्या. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं हे. इतकी वर्षं एका जिन्यावर राहून.

आणि मंगळवारी त्याखाली: "हे माहीत नव्हतं. पेढ्यांचं मागे घेते. टक्क्यांचं नाही. – खोली ९"

काकांनी अजून काही लिहिलेलं नाही. माफी-बिफी काही नाही. सकाळी ते फळ्यासमोर उभे राहतात, वाचतात, दूध आणायला जातात. मला ते अजूनही आवडत नाहीत. त्यांनी जे लिहिलं ते वाईटच होतं, त्याबद्दल मला काडीचीही शंका नाही. पण ते पुसलेलंच राहिलं असतं तर पुढच्या दोन ओळी कुठून आल्या असत्या?

हे मी सेक्रेटरींना सांगायला गेले काल. म्हटलं, बघा ना, बोलतायत ते एकमेकांशी. ते म्हणाले, "अगं, काचेची ऑर्डर गेली. ॲडव्हान्स दिलाय." आणि वर, "तुला तर बोलायचा हक्कच नाही, तूच पुसलंस." तेच तर! ज्याच्या विरुद्ध मला भांडायचंय ते मी स्वतः सगळ्यात आधी केलं, ओढणीने, आणि वर भारी वाटून घेतलं.

म्हणून आज ऑफिसमधून लवकर निघाले आणि फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, जेवढी जागा उरली तेवढ्यात, लिहिलं: "उद्या ११ वाजता काच. ज्याला जे लिहायचंय ते आज लिहा. मला शिव्या पण चालतील, मी पुसणार नाही. – खोली ११"

तीन तास झाले. मी पायरीवर बसलेय, काकांसारखी, फक्त खुर्ची नाही. येणारे-जाणारे वाचतायत, हसतायत, जातायत. आतापर्यंत फक्त एकाने लिहिलंय: "पायपुसणी अजून मिळाली नाही. – खोली २२"

ती आत्ताच येऊन गेली. अभ्यासिकेतली पुस्तकं परत करायला चालली होती. थांबली, वाचलं, माझ्याकडे बघितलं. "शिव्या चालतील म्हणतेस?" मी म्हटलं, हो. तिने पिशवी खाली ठेवली, खडू घेतला, मग परत ठेवून दिला. "आत्ता नाही. नीट विचार करून लिहीन. सकाळी अकराच्या आत." आणि गेली.

मी बसलेय. अकराच्या आत लिहिते की नाही, माहीत नाही.

तुमच्याकडे झालंय का असं कधी? कोणाच्या तरी बाजूने इतक्या जोरात उभे राहिलात की त्यालाच बोलायला जागा उरली नाही? आणि नंतर, त्याने तुम्हाला काय म्हटलं? की बोलायचंच सोडलं? सांगा ना.